उजव्या कोपऱ्यातलं नाव

समोर काहीही आलं की तो डावा डोळा मिटायचा, उजवा हात ताठ पुढे करायचा आणि मुठीतून उभ्या केलेल्या अंगठ्यानं त्या वस्तूचं माप घ्यायचा. मग हात सावकाश खाली यायचा आणि निकाल लागायचा. “प्रमाण चुकलंय.”

चित्रकला शिकलेल्या माणसांची ही सवय तुम्हीही कुठंतरी पाहिली असेल. नाकापेक्षा कान केवढा, झाडापेक्षा घर केवढं, हे असं अंगठ्यावर मोजता येतं. पण बाकीचे लोक चित्र काढताना अंगठा धरतात. हा गृहस्थ चहाच्या कपावर धरायचा. पिंपरी स्टेशनाबाहेरच्या हॉटेलवाल्याला त्यानं एकदा भज्यांचं प्रमाण समजावून सांगितलं होतं. एका लग्नात अक्षता पडायच्या आधी त्यानं नवरा-नवरीवर अंगठा धरला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “नवरी दोन बोटं खाली हवी होती.” नवरीचा मामा अंगावर धावून आला तेव्हा याला खरोखरच आश्चर्य वाटलं. आपण त्यांच्या भल्याचंच बोललो, अशी त्याची खात्री होती.

त्याचं नाव मी सांगणार नाही. जन्मभर त्यानं जिथंतिथं स्वतःचं नाव रंगवलं. आणखी एकदा ते मी फुकट कशाला रंगवू? सगळे त्याला मास्तर म्हणत. मीही तोंडावर ‘मास्तर’ आणि ‘तुम्ही’ म्हणायचो, पाठीमागे ‘तो’. आता तो नाही, म्हणजे हे सगळं पाठीमागचंच बोलणं आहे. तेव्हा ‘तो’च बरा.

मी मुंबईच्या कलाशाळेचा डिप्लोमा घेऊन पिंपरीला आलो तेव्हा पन्नास साल नुकतंच मागं पडलं होतं. गाव माझं सासवडकडचं. थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, औषधांच्या नव्या कारखान्यात लागले होते आणि त्यांना कॉलनीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. दाजी म्हणाले, “ये इकडं. अजून कंपन्या येणारेत. कंपनीला बोर्ड लागतात, चित्रं लागतात. निघेल काहीतरी.” मी ट्रंक घेऊन आलो. ट्रंकेत कपडे कमी आणि रंग जास्त होते.

तेव्हा मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेनं नुसत्या बाभळी होत्या. बाभळींच्या मधेच कंपनीचं तारेचं कुंपण, पलीकडे सिंधमधून आलेल्या लोकांचा कँप, आणि या सगळ्याला ‘आलं कुठनं ह्ये’ म्हणत बघणारी जुनी गावं. चित्र कुणाला हवं होतं? ज्यांना हवं होतं त्यांची वाट एकाच दारातून जायची. चिंचवडात मास्तरचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, देवळांच्या भिंती, तमाशाचे बोर्ड, निवडणुकीचे फलक आणि मुख्य म्हणजे यात्रेतल्या नाटकांचे पडदे, सगळं तोच करायचा. त्या भागात ब्रश हातात धरायचा तर आधी त्याच्यासमोर मान तुकवायला लागायची.

मी गेलो. त्यानं आधी मला अंगठा लावला, खालपासून वरपर्यंत. “उंचीच्या मानानं डोकं मोठं आहे,” तो म्हणाला. मग माझा डिप्लोमा हातात घेतला.

त्याच्या खुर्चीच्या मागे भिंतीवर, गिऱ्हाइकाच्या बरोबर तोंडासमोर येईल असा, चौकटीत घातलेला त्याचा स्वतःचा डिप्लोमा होता. त्याच शाळेचा, तोच शिक्का, फक्त साल जुनं. रोज सकाळी दुकान उघडल्यावर उदबत्तीच्या आधी त्या काचेवरून मलमलचं फडकं फिरायचं. मी म्हणालो, “मास्तर, आपण एकाच शाळेचे.” मला वाटलं, माणूस हसेल, पाठीवर थाप मारेल, कुठल्या सरांच्या वर्गात होतास म्हणून विचारेल. त्यानं माझा कागद परत माझ्या हातात दिला.

“हा ट्रंकेत ठेव. इथं दोन लावले की गिऱ्हाईक गोंधळतं.”

त्या एका वाक्यात माझी पुढची काही वर्षं ठरली, हे मला तेव्हा कळलं नाही.

पहिलं काम त्यानं दिलं ते आभाळाचं. मांजरपाटाचा मोठा पडदा ताणलेला, त्यावर जंगलाचा देखावा, वर आभाळ. पडद्याचे रंग आम्ही शाळेत कधी हाताळले नव्हते. खडूची पूड, रंगाची पूड आणि शिजवलेला सरस असं ते कालवण असतं. ओलं असताना गडद दिसतं आणि वाळलं की पार फिकं पडतं. हे मला माहीत नव्हतं. मी आदल्या दिवशीच्या वाळलेल्या रंगाशी ताजा ओला रंग जुळवत बसलो, आणि मनात म्हणत होतो, काय बिनचूक जुळवलाय! तो मागे स्टुलावर बसून तपकीर ओढत होता. दिवसभर बघत होता. दुसऱ्या दिवशी आभाळाला कोड फुटल्यासारखे पांढरे पट्टे उठले होते. पडदा बघायला आलेल्या गावकऱ्यांना त्यानं मुद्दाम मला दाखवलं. “मुंबईला शिकलाय,” तो म्हणाला, “तिथं आभाळ असंच असतं.”

एक शब्द आधी सांगितला असता तर? मी त्याला तसं विचारलंही. “सांगितलं असतं तर विसरला असतास,” तो म्हणाला. असली वाक्यं पुढं लोकांना आठवणीत सांगायला छान वाटतात. ज्याच्यावर गुदरतं त्याला ती छान वाटत नाहीत. मला त्या दिवशी त्याच्या तपकिरीच्या डबीत मिरचीपूड भरावीशी वाटत होती.

माझा एक वर्गमित्रही त्या सुमाराला चिंचवडात नातेवाइकांकडे येऊन राहिला होता. आम्ही दोघांनी मिळून शाळेच्या एका वर्गात चित्रांचं प्रदर्शन भरवलं. त्या भागातलं ते पहिलंच असावं. फळ्यांवर चित्रं टांगली, दारात रांगोळी काढली आणि उद्घाटनाला मास्तरला बोलावलं, कारण त्याला न बोलावता काही करायची सोय नव्हती. गावातले लोक आले होते, कंपनीतले दोन-चार लोक आले होते. माझ्या एका चित्रात रेल्वेचं फाटक होतं, मागे कंपनीचं धुराडं, पुढं एक वाकडी बाभूळ. एक शेतकरी त्या चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, “आगं, ही आपल्या बांधावरची बाभळ न्हवं? ती बग फांदी तुटल्याली.” माझ्या अंगावर काटा आला. शाळेत मिळालेल्या कुठल्याही बक्षिसानं मला तसं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात मागून तो अंगठा आला. “बाभूळ ओळखू आली म्हणजे चित्र झालं असं नाही,” मास्तर त्या शेतकऱ्याला म्हणाला. “प्रमाण चुकलंय. धुराडं बघा, बाभळीच्या अंगावर पडतंय.” तो शेतकरी ओशाळला. आपलं काहीतरी चुकलं असं वाटून बायकोला घेऊन निघून गेला. मग मास्तर एकेका चित्रासमोर थांबत गेला आणि त्याच्यामागून सगळे लोक. कुणीही चित्राकडे बघेना. सगळे त्याच्या अंगठ्याकडे बघत होते. हेडमास्तर तर स्वतःचा अंगठा उभा करून बघायला लागले. शेवटी तो सगळ्यांना घेऊन चहाला गेला आणि वर्गात आम्ही दोघं उरलो. माझा मित्र त्याच आठवड्यात मुंबईला गेला. सिनेमाचे बोर्ड रंगवतो असं पुढं कळलं. जाताना मला म्हणाला, “तू इथं राहिलास तर या माणसाच्या हाताखाली मरशील.”

मी का राहिलो, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. बहिणीनंही तोच विचारला होता. त्याचं उत्तर द्यायला मला आवडत नाही, पण दिल्याशिवाय हे चित्र पुरं होणार नाही. मी त्याची अक्षरं बघायला राहिलो.

अक्षर तो कुणाला काढू द्यायचा नाही. चित्रातलं आभाळ, झाडं, खांब, साड्यांचे काठ, सगळं आम्ही करायचं. अक्षरं मात्र त्याची. ओळ आखायला दोरी मारायचा नाही, पेन्सिलची रेघ ओढायचा नाही. बोर्डासमोर उभा राहिला की तोंड बंद व्हायचं, तपकीर बंद व्हायची. ब्रश रंगात बुडवून कडेला एकदाच निथळायचा आणि डावीकडून सुरुवात करायचा. शेवटचं अक्षर बरोबर जिथं संपायला हवं तिथं संपायचं. ‘किराणा भुसार’ असले शब्दसुद्धा तो असे लिहायचा की दुकानदार रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन आपलीच पाटी बघत बसायचे. असा दुष्ट माणूस इतकं देखणं अक्षर कसं काढतो, याचा मला फार राग यायचा.

मला एकदा विषमज्वर झाला. महिनाभर मी अंथरुणावर होतो. एक दिवस तो कॉलनीत आला, खाटेजवळ बसला, आणि त्याही अवस्थेत त्यानं माझ्यावर अंगठा धरला. “गाल बसलेत. नाक मोठं दिसतंय. प्रमाण चुकलंय.” मग माझ्या बहिणीला म्हणाला, “ताई, याला पेज द्या. उठवून बसवा. पडून राहिला तर हात जाईल.” पिशवीतून मोसंबी काढून कोनाड्यात ठेवली आणि गेला. बहीण म्हणाली, “किती चांगले आहेत रे!” मोसंबी आंबट होती. मी हे मुद्दाम सांगतोय.

आता त्या पडद्याचं सांगतो.

कंपनीच्या कुंपणाला लागून एक गाव होतं. गावाची बरीच जमीन कंपनीत गेली होती, त्यामुळे कंपनीचे साहेब गावाशी जपून वागायचे. गावच्या भैरवनाथाची यात्रा चैत्रात. यात्रेला तालमीतले लोक नाटक करायचे आणि नाटकाचा दर्शनी पडदा मास्तर रंगवायचा. त्या वर्षी नवा करायचा होता. त्यावर मधे भैरवनाथ आणि दोन्ही बाजूंना चवऱ्या ढाळणाऱ्या बायका.

या पडद्याची एक रीत होती. चित्र पुरं झालं तरी सही करायची नाही. नाटकाच्या दिवशी दिवेलागणीला सगळं गाव जमलं की चित्रकारानं रंगमंचावर जायचं. ताटात रंगाची वाटी आणि ब्रश ठेवलेला असायचा. सगळ्यांदेखत उजव्या कोपऱ्यात नाव घालायचं, मग पाटलांनी नारळ फोडायचा आणि चित्रकाराला फेटा बांधायचा. देवाला रंगवणाऱ्यानं देवासमोरच नाव सांगायचं, अशी त्यामागची कल्पना. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावी मास्तरच्या डोक्याला तो फेटा बसायचा आणि आम्ही खाली उभे राहून टाळ्या वाजवायचो.

त्याच वर्षी दाजींनी एक बातमी आणली. कंपनी एक चित्रकार नेमणार होती. मजुरांना धोके समजावणारी चित्रं, औषधांच्या खोक्यांवरची नक्षी, कॅन्टीनच्या भिंती, असं काम. कायमची नोकरी. दाजींनी माझं नाव साहेबांच्या कानावर घातलं होतं. साहेब म्हणाले होते, काम दाखवा. पण काय दाखवणार? त्या सगळ्या मुलखात माझ्या हातानं रंगवलेलं पुष्कळ होतं आणि एकाच्याही कोपऱ्यात माझं नाव नव्हतं. सगळीकडे मास्तर. आणि यात्रेला साहेब स्वतः पाहुणे म्हणून येणार होते, कारण कंपनीनं गावाला कौतुकानं वीज दिली होती. कुंपणातून तार ओढून नाटकाच्या मांडवात बल्ब लावणार होते. त्या गावात पहिल्यांदाच.

मी मनाचा हिय्या केला आणि मास्तरला म्हणालो, “या पडद्यावर तुमच्या नावाखाली माझंही नाव घालू द्या. बारीक अक्षरात.”

त्यानं डोळा मिटला. अंगठा धरला. एकदा माझ्यावर, एकदा ताणलेल्या पडद्यावर.

“एवढा मोठा पडदा आणि एवढंसं नाव. प्रमाण चुकलंय.”

मी गिळलं. पण दुसरी एक गोष्ट मात्र बोललो, कारण ती कामाची होती. तोवर नाटकं गॅसबत्तीच्या उजेडात व्हायची. तुम्ही जर गॅसबत्तीत माणसं पाहिली असतील तर आठवेल, त्या पांढऱ्या उजेडात तांबडा रंग मरतो, चेहरे प्रेतासारखे दिसतात. म्हणून मास्तर चेहऱ्यांत भरपूर तांबडा घालायचा. दिवसा बघितलं तर ते चेहरे भयंकर वाटायचे, बत्ती लागली की जिवंत व्हायचे. पण बल्बचा उजेड पिवळा. त्यात तांबडा पेटून उठतो आणि निळा काळवंडतो. मुंबईत नाटकाच्या मागच्या बाजूला दिव्यांचं काम करताना मी हे बघितलं होतं.

“मास्तर, या खेपेला बल्ब आहेत. चेहऱ्यातला तांबडा कमी करा. नाहीतर एकदा कंपनीच्या दिव्याखाली धरून तरी बघू.”

“माझ्या देवाचा चेहरा मी कुंपणाआड नेऊन साहेबाच्या दिव्याला दाखवायचा?” तो भडकला. “तू साड्यांचे काठ कर. चेहरे माझे आहेत.”

मी काठ केले. छत्र केलं, चवऱ्या केल्या, मागचे ढग केले. चेहरे त्यानं केले, नेहमीच्या सढळ हातानं.

यात्रेच्या दिवशी ऊन उतरल्यावर मांडव भरला. पुढं खुर्चीवर साहेब, शेजारी दाजी अवघडून बसलेले, मग पाटील, मागं सगळं गाव. पडदा सोडलेला होता, पण संधिप्रकाशात नीट दिसत नव्हता. पाटलांनी हात वर केला आणि कंपनीच्या माणसानं बटण दाबलं. मांडव उजळला. लोकांनी आधी बल्बांना टाळ्या दिल्या. मग सगळ्यांच्या नजरा पडद्यावर गेल्या.

भैरवनाथाचं तोंड लालबुंद झालं होतं. डोळ्यांखालची सावली पेटली होती, नाक तर भट्टीतून काढल्यासारखं. चवऱ्या ढाळणाऱ्या बायका कुणीतरी मुस्काटात दिल्यासारख्या दिसत होत्या. मागचं निळं आभाळ काजळलं होतं. मग मागून एक जण ओरडला, “आरं, देवानं लावलीया आज!” आणि मांडव फुटला. हसू आवरेना लोकांना. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. साहेबही हसले.

पाटील हसले नाहीत. ते उभे राहिले. “गप ऱ्हावा!” ते गरजले. “देवाची चेष्टा हाय व्हय? कुनी रंगविलं ह्ये?”

मी मास्तरकडे बघत होतो. त्याचा चेहरा पडद्यावरच्या उजेडात पांढरा पडला होता. खरं सांगतो, त्या घटकेला मला त्याची दया आली. त्याला मी सांगितलं होतं, तरीही आली. तो हळूहळू पायऱ्या चढून रंगमंचावर गेला. ताटातला ब्रश उचलला. पडद्यासमोर उभा राहून, सवयीनं, त्यानं अंगठा धरला. मग उजव्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसला. अशा वेळीही हा माणूस रीत मोडत नाही, नाव घालतोय, असं लोकांना वाटलं. मलाही वाटलं.

ब्रश चालायला लागला. पहिलं अक्षर ‘व’. मास्तरचं नाव ‘व’नं सुरू होत नव्हतं. मग ‘गो’. मग ‘ख’, मोठा, भरदार. त्यापुढं ‘ळ’, दोन्ही वेटोळी सारखी, एका दमात काढलेली. ‘व. गो. खळदकर.’ माझं नाव. सगळ्या गावासमोर, साहेबांसमोर, पांढऱ्या शुभ्र रंगात माझं नाव. आणि तुम्हाला काय सांगू, मला आधी आनंद झाला! वेड्यासारखा आनंद. शेवटी या माणसानं दिलं, असं वाटलं.

तो उठला, लोकांकडे वळला आणि हात जोडले.

“पाटील, मुंबईला शिकलेला मुलगा आहे. म्हटलं, नव्या लोकांना संधी द्यावी. माझी चूक झाली.”

“तुमची कशापायी?” पाटील म्हणाले. “तुमी भलं करायला गेला.”

मी ओरडलो. काय ओरडलो ते धड आठवत नाही. चेहरे माझे नाहीत, मी सांगितलं होतं, असं काहीतरी. पाटील माझ्याकडे वळले. “मंग त्ये नाव कुनाचं हाय?”

“माझं आहे, पण...”

पुढचं कुणी ऐकलंच नाही. पुन्हा सगळा मांडव हसला.

इतक्यावर भागलं असतं तरी मी म्हटलं असतं, घाबरला, जीव वाचवला. पण तो तिथं थांबला नाही. “पाटील, गॅसबत्त्या आणवा आणि हे बल्ब मालवा,” तो म्हणाला. “मी देवाचा चेहरा दुरुस्त करून देतो.” बत्त्या आल्या, पंप मारले, बल्ब बंद झाले. मास्तरनं सुक्या ब्रशानं भैरवनाथाच्या गालावर दोन-चार वेळा उगीच हात फिरवल्यासारखं केलं आणि बाजूला झाला. बत्तीच्या उजेडात देव शांत झाला होता. रंग बसला होता, डोळ्यांत तेज आलं होतं. लोकांनी हात जोडले. एक म्हातारी पुढं येऊन डोकं टेकून गेली. पाटलांनी नारळ फोडला आणि फेटा बांधला तो मास्तरला.

कौतुकानं दिलेली वीज पहिल्याच दिवशी मालवली गेली, म्हणून साहेब उठले. जाताना पडद्याच्या कोपऱ्याकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तो ये आप हैं?” बस, एवढंच. दाजी त्यांच्यामागं धावत गेले. ती नोकरी पुढं पुण्याच्या कुणालातरी मिळाली. मी मास्तरच्या दुकानात पुन्हा पाऊल टाकलं नाही. ब्रशसुद्धा आणायला गेलो नाही.

मला काम दिलं ते कँपातल्या सिंधी दुकानदारांनी. त्यांना ना भैरवनाथाचा चेहरा माहीत होता, ना मास्तरचा अंगठा. “पाटी अच्छी होनी चाहिए, दूर से दिखनी चाहिए,” एवढीच त्यांची अट. कापडाची दुकानं, पापडांची दुकानं, मग हळूहळू कंपन्यांच्या कंत्राटदारांचे बोर्ड. चित्रं राहिली ती राहिलीच. पण पाट्या लिहून माझं बरं चाललं. कधीमधी मास्तर सायकलवरून कँपातून जायचा, एक पाय टेकून थांबायचा, आणि रस्त्याच्या पलीकडून माझ्या पाटीवर अंगठा धरायचा. मी शिडीवरून वळून बघायचो नाही. बोलणं तर कधीच झालं नाही.

तो गेला तेव्हा राज्यभर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा चालू होत्या. सभेचा एक फलक अर्धा लिहून झाला आणि तो जेवायला म्हणून घरी गेला, तो गेलाच. मी त्याला पोचवायला गेलो नाही. पुढं दुकानात सायकलींचं सामान आलं. डिप्लोम्याची चौकट त्याच्या मुलीनं नेली म्हणतात.

पुढच्या उन्हाळ्यात एका बोर्डाच्या कामासाठी मी चाकणला गेलो होतो. कांद्याचे दिवस होते. बाजाराच्या बाहेर एका शेतकऱ्यानं कांद्याचा ढीग मांडला होता आणि उन्हापासून जपायला त्यावर जुनं मांजरपाट टाकलं होतं. मी तसाच पुढं गेलो असतो. पण कापडाचा एक कोपरा उलटून वर आला होता आणि त्यावर माझं नाव होतं.

गावात घरोघर वीज आल्यावर त्या पडद्याचा काही उपयोग राहिला नव्हता. बत्त्या कुणी लावेना आणि बल्बखाली देव प्यायलेलाच दिसायचा. तालमीनं तो विकून टाकला होता. भैरवनाथ आतल्या अंगानं कांद्यांवर पालथा पडला होता. बाहेर दिसत होता तो एवढा कोपरा. उन्हापावसानं बाकीचा रंग उडाला होता, सरस सुटला होता. अक्षरं मात्र तशीच होती. मी उकिडवा बसलो. खोटं लिहिताना माणसाचा हात थोडा तरी कापायला हवा की नाही? सगळं गाव हसलं होतं, पाटील डोक्यावर उभे होते, आणि या माणसानं माझ्या नावातलं एक वळण घाईनं घेतलं नव्हतं. ‘ळ’ची दोन वेटोळी बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर मी स्वतःचं नाव इतकं चांगलं कधी लिहू शकलेलो नाही.

माझा डावा डोळा कधी मिटला आणि हात कधी पुढं झाला, मला कळलं नाही. अंगठ्याआड मी अक्षरं मोजली. कापड केवढं, नाव केवढं, मधली जागा केवढी. कुठं काही चुकलं नव्हतं.

“काय बघतायसा पावनं?” कांदेवाला म्हणाला. “कांदं खाली हायती.”

“हे नाव,” मी म्हणालो. “हे माझं नाव आहे.”

त्यानं वाकून बघितलं. वाचता येत नसावं, पण बोट फिरवून त्यानं अक्षरं न्याहाळली. “लई झ्याक काढलंय हो,” तो म्हणाला. “तुमीच काढलंय व्हय?”

मी रस्त्याकडे बघितलं. सायकलवर एक पाय टेकून तिथं कुणी उभं नव्हतं.

“हो,” मी म्हणालो. “मीच.”